रिकाम्या डबीत मासा नासतो तेव्हा: एलईसीच्या दिव्यावरचं रीडिंग आपोआप का उतरतं

मासा नासताना सुटणारी अमोनियासारखी वाफ प्रकाशाच्या मदतीने ओळखणारी आमची सेन्सरची डबी रिकामी होती. आत बांगडा नाही, कोळंबी नाही, काही नाही. झाकण घट्ट बसवलेलं, वरून काळं कापड. तरी संगणकावरची रेघ तासाभरात अलगद खाली आली आणि आम्ही आखलेली लाल मर्यादा ओलांडून गेली. या डबीच्या भाषेत त्याचा अर्थ एकच: आतला मासा नासलाय.

आमच्या लॅबमध्ये ही तक्रार दर वर्षी येते. एमएस्सीच्या प्रोजेक्टला नवी मुलं येतात, आधीच्या मुलांची वही बघून दिवा बनवतात, दिवा पेटतो, सगळ्यांना आनंद होतो. मग आठवड्याभराने कोणीतरी येऊन सांगतं, "मॅडम, शून्य थांबतच नाही." शून्य म्हणजे रिकाम्या डबीचं रीडिंग, ज्याच्याशी पुढची रीडिंगं ताडायची. त्याचं कारण शोधण्यात दर वर्षी तीन-चार आठवडे जातात, आणि प्रोजेक्टचे महिने मोजकेच असतात. म्हणून या वेळी सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. लाइट-एमिटिंग इलेक्ट्रोकेमिकल सेल, म्हणजे एलईसी, सेन्सरचा दिवा म्हणून ज्यांना वापरायचा आहे, त्यांना अमोनियाऐवजी दुसरं काही मोजायचं असलं तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

मांडणी

काचेवर आयटीओचा पारदर्शक वाहक थर. त्यावर रुथेनियम ट्रिस-बायपिरिडीन हेक्साफ्लुरोफॉस्फेटची शंभरेक नॅनोमीटर जाडीची फिल्म. ॲसिटोनायट्राइलमध्ये मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम विरघळवायचं, गाळून घ्यायचं आणि स्पिन कोटरवर, म्हणजे काच गरगर फिरवून द्रावणाचा पातळ थर करणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला १५०० फेऱ्यांनी पसरवायचं. वरचा इलेक्ट्रोड म्हणजे गॅलियम-इंडियमचा मिश्रधातू. तो खोलीच्या तापमानाला द्रव असतो, त्यामुळे निर्वात पोकळीत धातू चढवणारं यंत्र लागत नाही. टेक्सास विद्यापीठातल्या ॲलन बार्ड यांच्या प्रयोगशाळेने २००० साली रुथेनियम ट्रिस-बायपिरिडीन आणि गॅलियम-इंडियम या जोडीतून झगझगीत दिवा करून दाखवला होता, आणि साध्या कॉलेजच्या लॅबला हा दिवा जमतो तो या द्रव इलेक्ट्रोडमुळेच.

आम्ही दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपला कागदाच्या पंचिंग मशीनने भोक पाडतो, ती टेप फिल्मवर लावतो आणि त्या सहा मिलिमीटरच्या वाटीत सिरिंजने मिश्रधातूचा थेंब सोडतो. सुईचं टोक फिल्मला टेकवायचं नाही. थेंब सुईला लोंबू द्यायचा आणि तो लोंबता थेंब फिल्मला टेकवायचा. एक ओरखडा पडला की मिश्रधातू थेट आयटीओला भिडतो आणि दिवा शॉर्ट होतो. आणखी एक: गॅलियम ॲल्युमिनियम पोखरून काढतं, तेव्हा ॲल्युमिनियमची फॉइल किंवा चिमटा या बाकावर नकोच.

दिवा नारिंगी-लाल पेटतो, ६१० ते ६३० नॅनोमीटरच्या आसपास. त्याच्यासमोर ब्रोमोक्रेसॉल ग्रीनची फिल्म. टायट्रेशनमुळे हा इंडिकेटर सगळ्यांच्या ओळखीचा आहे: आम्लात पिवळा, पीएच ३.८ ते ५.४ च्या दरम्यान रंग बदलतो, पुढे निळा. निळा झाला की तो ६१५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश गिळतो, म्हणजे नेमका आपल्या दिव्याचा. मासा नासू लागला की जिवाणू त्याच्यातल्या ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइडपासून ट्रायमिथाइलअमाइन तयार करतात, जोडीला अमोनिया येतो, ही वाफ फिल्मला निळं करते आणि पलीकडच्या फोटोडायोडवर (प्रकाश मोजणाऱ्या डायोडवर) पडणारा प्रकाश कमी होतो. आम्ही बीपीडब्ल्यू ३४ नावाचा फोटोडायोड वापरतो. तो स्वस्त आहे आणि सहज मिळतो.

दिवा आणि रंग यांचा मेळ सुरेख आहे, पण दुखणंही तिथेच आहे. अमोनिया आला की प्रकाश कमी होतो आणि दिवा मंदावला तरीही प्रकाश कमीच होतो. एकटा फोटोडायोड या दोहोंत फरक करू शकत नाही. रेघ उतरली एवढंच त्याला कळतं.

अर्ध्या तासाची अदलाबदल

दिवा, रंग, फोटोडायोड आणि वायरी या सगळ्यांवर एकदम संशय घेत बसू नका. दोनच अदलाबदली करा.

पहिली, रंगाची फिल्म काढून तिच्या जागी तशीच कोरी काच ठेवा. बाकी सगळं तसंच. रेघ तरीही उतरली तर दोष दिव्याचा किंवा मोजणीचा. दुसरी, रंगाची फिल्म परत बसवा आणि एलईसीच्या जागी बाजारातला साधा नारिंगी एलईडी लावा, स्थिर प्रवाहावर. आता रेघ सपाट राहिली तर रंग निर्दोष आहे. ती उतरली तर रंगाला खरंच काहीतरी भेटतंय, आणि ते कुठून येतंय ते शोधायचं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आमच्याकडे दहातल्या आठ वेळा पहिल्याच चाचणीत दिवा पकडला जातो.

इथे मुलं हमखास विचारतात, आणि विचारायलाच हवं: साधा एलईडी इतका स्थिर आहे तर एलईसीचा हट्ट कशाला? मासळीबाजारात उद्या वापरायचं यंत्र हवं असेल तर साधा एलईडीच घ्या. एलईसीचं मोल वेगळं आहे. विजेचा भार पोचवण्यापासून प्रकाश काढण्यापर्यंतचं सगळं काम एकच थर करतो, त्याला हवेत टिकणारे इलेक्ट्रोड चालतात, तो द्रावणातून पसरवता किंवा छापता येतो, आणि सेन्सरच्या फिल्मशेजारी त्याच पट्टीवर बसतो. पाकिटावर चिकटवायची, एकदा वापरून टाकायची पट्टी करायची तर सुट्या एलईडीपेक्षा हा रस्ता मला पटतो. त्यासाठी आधी या दिव्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

हा दिवा चालू झाला तरी आतून हलतच असतो

एलईडीत इलेक्ट्रॉन धावतात, बाकी सगळं जागच्या जागी असतं. एलईसीत आयनही सरकतात. १९९५ साली चिबिंग पेइ, ॲलन हीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये पहिला एलईसी मांडला तेव्हा प्रकाश देणाऱ्या पॉलिमरमध्ये मुद्दाम लिथियमचं मीठ मिसळलं होतं. (हीगर यांना पुढे २००० साली वाहक पॉलिमरसाठी रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.) आपल्या रुथेनियमच्या दिव्याला बाहेरचं मीठ लागत नाही. रुथेनियमचा संयुग हाच धन आयन आहे, आणि त्याच्याबरोबर आलेले हेक्साफ्लुरोफॉस्फेटचे ऋण आयन फिल्ममधून वाट काढत धन इलेक्ट्रोडकडे सरकतात. दोन्ही इलेक्ट्रोडपाशी आयनांची रास जमली की भार आत शिरायची वाट मोकळी होते आणि प्रकाश दिसू लागतो.

हेक्साफ्लुरोफॉस्फेट हा आयन अंगाने मोठा, म्हणून संथ. दिव्याला तुम्ही स्थिर ३ व्होल्ट दिलेत तर सुरुवातीला जवळजवळ काहीच दिसत नाही. मग प्रवाह वाढत जातो, प्रकाश चढतो, शिखर गाठतो आणि उतरू लागतो. चढणं म्हणजे आयन जागेवर बसणं. उतरण्याची कारणं दोन: इलेक्ट्रोडलगतचे ऑक्सिडाइज आणि रिड्यूस झालेले (इलेक्ट्रॉन गमावलेले आणि मिळवलेले) पट्टे वाढत मधल्या उजळ पट्ट्याला चेपतात आणि तिथला प्रकाश विझवतात. दुसरं कारण पाण्याचं, त्याला मी खाली वेगळी जागा दिली आहे. आमच्या मुलांनी शिखराला शून्य धरलं होतं, कारण रेघ तिथे क्षणभर सपाट दिसते. खरं तर तो घाटमाथा असतो, पुढे उतारच आहे.

म्हणून पहिली दुरुस्ती, आणि दुसरं काहीही करण्याआधी हीच करा: व्होल्टेज स्थिर ठेवू नका, प्रवाह स्थिर ठेवा. एक ऑप-अँप (व्होल्टेज ताडून पाहणारी चिप), एक मॉस्फेट (प्रवाह कमी-जास्त करणारा ट्रान्झिस्टर) आणि २२० ओमचा रेझिस्टर. रेझिस्टरवर ०.४४ व्होल्ट राखले की दिव्यातून २ मिलिअँपिअर जातो. आमच्या सहा मिलिमीटरच्या ठिपक्याला हे चौरस सेंटिमीटरला साधारण ७ मिलिअँपिअर पडतं. पुरवठा ५ व्होल्टचाच ठेवा. ९ व्होल्टचा ठेवलात तर आयन हलायच्या आधी, दिवा अजून हट्टी असताना, सर्किट व्होल्टेज चढवत नेतं आणि कोवळी फिल्म जळते. ५ व्होल्टच्या पुरवठ्यात ती चैन सर्किटला मिळतच नाही.

स्थिर प्रवाहावर दिवा लवकर उजळतो. इलेक्ट्रॉन किती जाणार हे ठरलेलं असतं, आयन बसतील तसं फक्त व्होल्टेज खाली येतं. सलग प्रवाहाऐवजी ठोके दिले तर आणखी बरं. व्हॅलेन्सिया विद्यापीठातल्या हेंक बोलिंक यांच्या गटाने इरिडियमच्या एलईसींना सेकंदाला १००० ठोके, निम्मा वेळ चालू निम्मा बंद, अशा प्रवाहावर चालवून ते झटपट उजळतात आणि टिकतातही हे २०१२ च्या सुमारास दाखवलं. सेन्सरवाल्यांना त्यातून आणखी एक लाभ होतो. ठोका चालू असतानाचं रीडिंग उणे बंद असतानाचं रीडिंग काढलं की बाहेरून झिरपणारा उजेड आपोआप वजा होतो. ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लवलवते, ठोके तिच्यापेक्षा बरेच जलद असल्याने तिचा त्रास उरत नाही. मोजणी मात्र प्रत्येक ठोक्याच्या उत्तरार्धात करा, पूर्वार्धात दिवा अजून उसळत असतो.

व्होल्टेजची नोंद ठेवा, ती नाडी आहे

प्रवाह स्थिर केला की मुलं व्होल्टेजकडे बघणं सोडून देतात. तसं करू नका. प्रकाशाच्या शेजारी दिव्यावरच्या व्होल्टेजचा रकानाही दर दहा सेकंदांनी भरत राहा. हा रकाना वाचायला शिकलात की अर्धी समस्या डबी न उघडता कळते.

व्होल्टेज उतरत उतरत ३ च्या जवळ येऊन सपाट झालं आणि प्रकाशही सपाट झाला, म्हणजे आयन बसले. शून्य आता धरा, आधी नाही. व्होल्टेज एकदम १ च्या खाली कोसळलं आणि प्रकाश गेला, म्हणजे शॉर्ट. मिश्रधातू फिल्मच्या एखाद्या छिद्रातून खाली उतरला आहे, तो ठिपका सोडून द्या. व्होल्टेज तासन् तास हळूहळू चढतंय आणि प्रकाश उतरतोय, म्हणजे फिल्म किंवा तिचा संपर्क खराब होतोय. आणि व्होल्टेज अगदी सपाट, प्रकाश मात्र उतरतोय, हा प्रसंग सगळ्यात फसवा. भार तितकाच जातोय पण प्रकाशात कमी रूपांतरित होतोय, किंवा प्रकाश तितकाच आहे आणि रंग निळा होतोय. हे ओळखायला दुसरा डोळा लागतो.

तत्पूर्वी दोन गोष्टी. दिवा बंद केला की आयन हळूहळू माघारी पांगतात. पाच मिनिटांनी पुन्हा लावलेला दिवा आणि रात्रभर विसावलेला दिवा वेगवेगळ्या वेगाने उजळतात, म्हणून वहीत 'किती वेळ बंद होता' हाही रकाना हवा. दुसरी गोष्ट टोकांची. साधा एलईडी उलटा जोडला तर पेटतच नाही, चूक लगेच कळते. एलईसी उलटा जोडला तरी पेटू शकतो. आयन मग उलट दिशेला निघतात आणि आदल्या दिवशीची सगळी बैठक मोडते. लाल वायर कायम आयटीओलाच, आणि हे डबीवर मार्करने लिहून ठेवा.

दुसरा डोळा

उपाय जुना आणि भरवशाचा आहे: दोन फोटोडायोड लावा. एक रंगातून बघणारा, दुसरा तशाच पण बिनरंगाच्या काचेतून त्याच दिव्याकडे बघणारा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. दिवा मंदावला तर दोघांनाही सारखाच कमी दिसतो आणि भागाकार हलत नाही. अमोनिया आला तर पहिल्यालाच कमी दिसतं. दोन्ही ॲम्प्लिफायरना सारखाच रेझिस्टर द्या (आमच्याकडे ४.७ मेगाओम) आणि दोन्ही डायोड एकाच तापमानाला राहतील असे शेजारी बसवा.

गेल्या वर्षी इथवर येऊन आम्ही निर्धास्त झालो, आणि भागाकारही उतरला. रिकामी डबी, स्थिर प्रवाह, दोन डोळे, तरी तासाभरात रेघ खाली. दोन विद्यार्थिनी जवळजवळ रडकुंडीला आल्या होत्या. मग त्यांच्यातल्या एकीने खोलीत अंधार केला, दिवा उताणा ठेवला आणि त्यावर साधं भिंग धरलं. मीही पाहिलं. ठिपका एकसारखा नव्हताच. कडेला उजळ कडं, मध्ये फिकट, आणि एका बाजूला दोन-तीन काळे डाग, टाचणीच्या डोक्याएवढे. तिने दर दहा मिनिटांनी मोबाइलने फोटो काढले आणि एकापुढे एक लावले. डाग वाढत होते, आणि एकाच बाजूला वाढत होते. आमचा पहिला डायोड त्या बाजूकडे बघत होता आणि दुसरा उजळ बाजूकडे. दोघं एकाच दिव्याकडे बघतात हे आम्ही धरून चाललो होतो, प्रत्यक्षात ते दोन वेगळ्या दिव्यांकडे बघत होते.

त्यावर औषध साधं निघालं. नळ जोडताना लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप, तिच्या चार घड्या दिव्यावर ताणून बसवल्या. प्रकाश बराच कमी झाला, पण सगळा एकत्र मिसळून दोन्ही डायोडना सारखा पोचू लागला. भागाकार सपाट झाला. प्रकाश कमी होईल म्हणून हा थर टाळू नका. कमी पण समान प्रकाश या कामात कधीही चांगला.

पाणी

आता उताराच्या मुळाकडे. रुथेनियमच्या या दिव्यांच्या आयुष्याचा सगळ्यात मोठा वैरी पाणी आहे. दिवा चालू असताना उत्तेजित रुथेनियम त्याला चिकटलेल्या तीन बायपिरिडीन रेणूंपैकी एखादा सोडू शकतो. जवळ पाणी असेल तर ते त्या रिकाम्या जागी बसतं आणि असे दोन रुथेनियम ऑक्सिजनच्या पुलाने जोडले जातात. ही जोडी स्वतः उजळत नाही, शेजारच्या चांगल्या रेणूंचा उजेडही खाते, त्यामुळे थोडीशी तयार झाली तरी पुरे होते. अमेरिकेतल्या अनेक प्रयोगशाळांनी २००० नंतरच्या काही वर्षांत या रासायनिक चोराचा माग काढला. व्होल्टेज सपाट आणि प्रकाश उतरता, हे लक्षण बहुधा याचंच.

कोकणात जून ते सप्टेंबर हवेत पाणी किती असतं ते सांगायला नको. मे महिन्यात बनवलेले ठिपके दिवसभर टिकतात आणि जुलैत त्याच हाताने बनवलेले दुपारपर्यंत मावळतात, यात हाताचा दोष नसतो. पावसाळ्यात स्पिन कोटिंग करताना ॲसिटोनायट्राइल उडून जाताना काच थंड पडते, तिच्यावर दव धरतं आणि फिल्म दुधाळ दिसते. दुधाळ फिल्म तिथेच पुसून टाका, सुकवून ती सुधारत नाही. काच आधी ओव्हनमध्ये तापवून घ्या, द्रावण कोमट ठेवा, खोलीतला एसी तासभर आधी लावा. फिल्म झाली की निर्वात ओव्हनमध्ये ८० ते १०० अंशांवर रात्रभर. ग्लव्हबॉक्स (कोरड्या वायूने भरलेली बंद पेटी) नसेल तर निदान डेसिकेटर (ओल शोषणारं काचेचं भांडं), आणि त्यातलं सिलिका जेल निळं आहे ना हे रोज बघा. गुलाबी झालेलं जेल डेसिकेटरमध्ये ठेवून काही उपयोग नाही.

पाण्याइतकाच घातक क्लोराइड. आम्ही बाजारातून रुथेनियमचं क्लोराइड मीठ आणतो आणि हेक्साफ्लुरोफॉस्फेट मिसळून नारिंगी साका पाडतो. घाईघाईने धुतलेल्या साक्यात क्लोराइड उरतं, आणि तेही बायपिरिडीनच्या जागेवर टपून असतं. धुतल्यावरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. पांढरं धूसर दिसलं तर पुन्हा धुवा. बारावीतली चाचणी आहे, दोन मिनिटं लागतात, आणि ती न केल्यामुळे एका वर्षीच्या सगळ्या ठिपक्यांवर पाणी सोडावं लागलं होतं.

ठिपका बनला की त्यावर काचेचं झाकण चिकटवून कडा बंद कराव्या लागतात. इथूनच रंगाच्या बाजूच्या भानगडी सुरू होतात.

रंगाला भलतंच काहीतरी भेटतं

दोन नळ्यांतून येणारा इपॉक्सी गोंद घट्ट होतो तो अमाइनमुळे. आमच्या रंगाला माशातलं अमाइन आणि गोंदातलं अमाइन वेगळं कळत नाही. ताज्या गोंदाची डबी वापरली की पहिला दिवसभर रंग हळूहळू निळा होत राहतो, आणि भागाकारसुद्धा उतरतो, कारण हे दिव्याचं काम नाहीच. गोंद लावलेला दिवा रंगापासून लांब, उघड्या हवेत दोन दिवस राहू द्या आणि मगच डबीत बसवा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन उलट त्रास देतो. त्याचं ॲसिटिक ॲसिड रंगाला पिवळा धरून ठेवतं आणि खरा अमोनियाही लपतो.

दुसरी गोष्ट आमच्या लॅबमधल्या मामांनी पकडली. रेघ आठवड्यातून दोनच दिवस, सकाळी अकराच्या सुमारास दचकायची. आम्ही वीजपुरवठा तपासला, वायरी बदलल्या. मामा बाटल्या मांडता मांडता म्हणाले, "मॅडम, मंगळवार-गुरुवार पलीकडे बीएस्सीचं सॉल्ट ॲनालिसिस असतं." तिसऱ्या ग्रुपसाठी अमोनियम हायड्रॉक्साइडच्या वीस बाटल्या एकाच वेळी उघडतात. आमची डबी तेवढी घट्ट नव्हती. सेन्सर खरं सांगत होता, आम्हीच त्याला वेड्यात काढत होतो. तेव्हापासून वहीच्या वरच्या कोपऱ्यात शेजारी कोणतं प्रॅक्टिकल चालू आहे तेही लिहितो.

खरा संकेत आणि दिव्याचा उतार ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. दिवा चालूच ठेवा, डबी उघडा आणि स्वच्छ हवेचा झोत द्या. रंगावरचा अमोनिया निघून जातो, रेघ परत वर येते. दिवा मंदावला असेल तर हवेने त्याला काही होत नाही, रेघ जिथल्या तिथे राहते. गोंदाच्या बाबतीत ती वर येते आणि झाकण लावताच पुन्हा उतरू लागते. ही परीक्षा करताना दिवा बंद-चालू करू नका, नाहीतर आयन पांगतील आणि काहीच कळणार नाही.

बर्फाच्या पेटीत

मासा बर्फात ठेवतात, म्हणून सगळं यंत्रच बर्फाच्या पेटीत ठेवावं असं दर वर्षी कोणाला तरी सुचतं. दिवा आत ठेवू नका. गॅलियम-इंडियमचा हा मिश्रधातू १५-१६ अंशांखाली गोठू शकतो. गोठताना इलेक्ट्रोडचा फिल्मशी असलेला संपर्क बिघडतो आणि व्होल्टेज उड्या मारू लागतं. आयनही थंडीत जड होतात, दिवा उजळायला खूप वेळ घेतो. शिवाय झाकण उघडलं की काचांवर दव धरतं आणि दव प्रकाश पसरवतं, तो उतार पुन्हा अमोनियासारखाच दिसतो. आम्ही दिवा, रंग आणि डायोड बाहेर ठेवतो आणि पेटीतली हवा बारीक नळीने, छोट्या पंपाने बाहेर ओढतो. नळीला बाहेर पुरेशी लांबी द्या, म्हणजे हवा खोलीच्या तापमानाला येऊन मगच रंगापर्यंत पोचेल.

माशांबद्दल दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण यात लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे. मोरी आणि पाकट यांच्या अंगात मुळातच युरिया भरपूर असतो आणि त्यातून लवकर अमोनिया सुटतो. त्यांचं रीडिंग बांगड्याच्या मोजमापाने वाचू नका. आणि बांगडा, कुपा यांच्यात उबेला ठेवल्यावर हिस्टामिन तयार होतं. ते हवेत उडत नाही, म्हणून ही डबी ते पकडू शकत नाही. रेघ सपाट आहे म्हणून उन्हात राहिलेला बांगडा घरी नेऊ नये, हे मुलांना मी प्रत्येक वेळी सांगते.

या वर्षीची मांडणी

सध्या आमच्याकडे असं चालतं. सकाळी आल्याबरोबर दिवा लावायचा, ठोक्यांच्या स्थिर प्रवाहावर, पुढे टेफ्लॉनचा थर आणि दोन डोळे. व्होल्टेजचा रकाना वीस मिनिटं हलला नाही की शून्य धरायचं. मग रिकाम्या डबीवर आणखी तासभर नोंद. दर वेळी, कंटाळा न करता. त्या तासात भागाकार जितका हलला, त्याच्या तिप्पट उतार दिसला तरच अमोनिया म्हणायचं. मोजणी संपली की एका कोपऱ्यात पातळ अमोनियाचा एक थेंब ठेवून रंग अजून जिवंत आहे का ते बघायचं, हवा द्यायची आणि रेघ परत येते का तेही बघायचं.

उजळायचा वेळ कमी करायला फिल्ममध्ये थोडं आयनिक लिक्विड, म्हणजे द्रवरूप मीठ, मिसळता येतं. आम्ही मिसळून पाहिलं, दिवा झटकन उजळतो. पण आयन जितके मोकळे तितका दिवा लवकर मावळतो, आणि आम्हाला रात्रभर टिकणारा दिवा हवा होता, म्हणून ते सोडलं. पाच मिनिटांत एकच मोजणी करून फेकून द्यायची पट्टी करायची असेल तर मी आयनिक लिक्विडच निवडेन.

परवा रात्री याच मांडणीवर बाजारातून आणलेले दोन बांगडे खोलीच्या तापमानाला ठेवले होते. दिव्याकडे बघणाऱ्या डायोडची रेघ सकाळपर्यंत तिरपी होत गेली, तिच्यात नवल नव्हतं. भागाकाराची रेघ मात्र मध्यरात्रीपर्यंत आडवी होती, मग वाकली, आणि पहाटे झाकण उघडून हवा दिल्यावर निम्म्याहून जास्त परत वर आली.